गोडीची परीक्षा

वाइनच्या गुणदोषांची चर्चा करणाऱ्या लेखनांत गोड वाइनच्या वांट्यास दोन प्रकारचा अन्याय येतो. एक वर्ग तिला पोरकट रुचीची म्हणून हंसण्यावारी नेतो. दुसरा 'अमृततुल्य' हें एकच विशेषण तिच्या गळ्यांत अडकवून मोकळा होतो. दोघेही परीक्षा टाळतात. आमच्या मतें गोडी हा अशा वाइनचा गुण नव्हे, तें केवळ तिचें द्रव्य होय. त्या द्रव्यास आवरून धरणारें जें आम्ल, त्यावरूनच तिची योग्यता ठरविली पाहिजे. ह्या मताच्या समर्थनार्थ फ्रान्समधील सोतेर्न येथील वाइनचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

बोर्दो शहराच्या आग्नेयेस असलेल्या ह्या प्रदेशांत सिरों नांवाची लहानशी थंड नदी गारोन ह्या मोठ्या नदीस मिळते. शरदृतूंत पहाटे तेथें धुकें उठतें आणि दुपारच्या उन्हानें विरतें. धुक्याच्या ओलीनें सेमियों व सोव्हिन्यों ब्लां ह्या जातींच्या द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया नामक बुरशी धरते. उन्हामुळें ती नासाडीच्या थरास जात नाहीं. बुरशी सालीचा बांध सैल करते, पाणी उडून जातें, आणि सुरकुतलेल्या मण्यांत रस दाट होतो. सर्व मणी एकदम तयार होत नसल्यामुळें तोडणारे त्याच वेलीकडे पुनःपुन्हा येतात व तयार तेवढेच मणी घेतात. हें काम कित्येकदां नोव्हेंबरपर्यंत चालतें. पुढें रस आंबतांना मद्यार्काचें प्रमाण १३-१४ टक्क्यांवर गेलें कीं यीस्टचें बळ सरतें, आणि दर लिटरास बहुधा १०० ग्रॅमहून अधिक साखर शिल्लक राहते.

इतकी साखर असूनही ती वाइन पाक कां वाटत नाहीं? ह्याचें उत्तर आपल्या घरच्या श्रीखंडांत आहे. दहीं फडक्यांत टांगून पाणी काढल्यावर चक्क्यांत जो आंबटपणा उरतो, त्याच्याच आधारावर साखर उभी राहते. तो नसेल तर वेलची-केशर कितीही घाला, दुसरी वाटी घेववत नाहीं. सोतेर्नच्या चांगल्या वाइनला जर्दाळू, मध, संत्र्याची साल ह्यांचा सुगंध असतो. परंतु सुगंधानें भुलून निर्णय देऊं नये. घोंट गिळल्यावर तोंड चिकट राहिलें कीं स्वच्छ होऊन दुसऱ्या घोंटाची इच्छा झाली, हाच खरा प्रश्न. सोतेर्नच्या नांवानें विकली जाणारी प्रत्येक बाटली ह्या कसास उतरतेच असें नाहीं.

हा कस उत्पादकास स्वतःलाही लावतां येतो. १८५५ सालच्या वर्गवारींत तेथील वाइनांमध्यें सर्वांहून वरचें स्थान एकट्या शातो दिकेमला मिळालें. त्याच घराण्यानें १९९२ व २०१२ ह्या सालांचें पीक मनाजोगें न आल्यामुळें आपल्या नांवाची गोड वाइन काढलीच नाहीं. जो स्वतःचें अपुरें काम बाजारांत येऊं देत नाहीं, तो आपला पहिला टीकाकार होय.

आज नाशिकच्या परिसरांतही शेनिन ब्लांक द्राक्षें उशिरां तोडून गोड वाइन केली जाते. तेथें अडचण उलट आहे. सोतेर्नला तोडणीच्या दिवसांत हवा थंड होत जाते. नाशिकला उन्हाळा तोंडावर येतो, आणि उष्णतेनें साखर वाढते तसें आम्ल झपाट्यानें घटतें. शेनिन ब्लांक स्वभावतः आंबट जात आहे, ही जमेची बाजू. तेव्हां तेथील उत्पादकानें द्राक्ष किती गोड झालें ह्यापेक्षां त्यांत आंबट किती उरलें ह्याची चिंता अधिक वाहावी. आणि ग्राहकानेंही 'आपल्या मातींतली' एवढ्यावर तिला उत्तीर्ण करूं नये. कौतुकानें पीक सुधारत नाहीं, परीक्षेनें सुधारतें.