दीप्ती आणि पुरावा : जिवंत पेशीतील संदेशवहनाच्या एका अभ्यासपद्धतीची समीक्षा

पनवेल तालुक्यातील खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘स्टॅट-३’ या संदेशवाहक प्रथिनाचे फॉस्फेटजन्य सक्रियीकरण जिवंत पेशीत मोजणारा दीप्तिमान संवेदक मांडला. प्रथिनाच्या एका प्रतीला ल्युसिफरेज व दुसरीला प्रतिदीप्त प्रथिन जोडले जाते. दोन्ही सुमारे १० नॅनोमीटरच्या आत आल्यास ऊर्जा संक्रमित होऊन प्रकाशाचा रंग पालटतो. पेशी न मारता सक्रियीकरणाचा कालक्रम कळणे, हे या पद्धतीचे सामर्थ्य होय. तथापि प्रकाश सान्निध्य दर्शवितो, सक्रियता नव्हे; कारण स्टॅट-३ च्या जोड्या फॉस्फेटविनाही बनतात. म्हणून ७०५ व्या स्थानी टायरोसिन नसलेल्या उत्परिवर्तित प्रथिनाशी तुलना केल्याखेरीज केवळ दीप्तीवरून औषधाची परिणामकारकता ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य ठरते.