समूहाचे नाव आणि व्यक्तीचे नाव : ‘अ‍ॅलिस कूपर’ बँडच्या मूळ सदस्यांना मिळालेली मान्यता

प्रस्तावना

ज्या कला अनेकांच्या सहभागातून आकाराला येतात, त्यांच्या बाबतीत श्रेयाचा प्रश्न नेहमीच गुंतागुंतीचा असतो. नाटक, चित्रपट आणि बँडचे संगीत या तिन्ही क्षेत्रांत कलाकृती अनेकांच्या हातून घडते. रसिकांच्या स्मरणात मात्र बहुधा एकच चेहरा उरतो. अमेरिकन रॉक संगीतातील ‘अ‍ॅलिस कूपर’ हे याचे टोकाचे उदाहरण होय. येथे चेहऱ्याने समूहाला केवळ झाकले नाही, तर समूहाचे नावच स्वतःचे म्हणून धारण केले. परिणामी उरलेल्या चार सदस्यांना आपण त्या नावाचे घटक होतो, हेच सिद्ध करावे लागले. २०११ मधील सन्मान आणि २०२५ मधील नवा अल्बम या दोन टप्प्यांच्या आधारे या मान्यतेचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाच जणांचे एक नाव

अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात, कॉर्टेझ हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९६४ च्या सुमारास सुरू केलेला हा बँड प्रारंभी ‘इअरविग्ज’, नंतर ‘स्पायडर्स’ आणि पुढे ‘नॅझ’ या नावांनी ओळखला जात होता. ‘नॅझ’ हे नाव अन्य एका बँडने आधीच घेतलेले असल्याने १९६८ मध्ये ‘अ‍ॅलिस कूपर’ हे नाव स्वीकारण्यात आले. गायक व्हिन्सेंट फर्निअर, गिटारवादक ग्लेन बक्स्टन, गिटार व कीबोर्ड वाजवणारा मायकेल ब्रूस, बास गिटारवादक डेनिस डनअवे आणि ड्रमवादक नील स्मिथ हे त्याचे पाच सदस्य. हे नाव पाचही जणांचे होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

फ्रँक झॅपा यांच्या कंपनीने काढलेले पहिले दोन अल्बम (१९६९ व १९७०) अपयशी ठरले. कॅनडातील तरुण निर्माते बॉब एझ्रिन यांच्यासमवेत केलेल्या ‘लव्ह इट टू डेथ’ (१९७१) पासून चित्र पालटले. ‘किलर’ (१९७१), ‘स्कूल्स आउट’ (१९७२) आणि ‘बिलियन डॉलर बेबीज’ (१९७३) हे अल्बम पाठोपाठ आले. यांतील शेवटचा अल्बम अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत विक्रीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला.

या अल्बमांवरील गीतकार-संगीतकारांची नोंद वाचली, तरी समूहाचे सर्जन किती वाटलेले होते हे ध्यानात येते. ‘आय अ‍ॅम एटीन’ आणि ‘स्कूल्स आउट’ या दोन्ही प्रमुख गीतांचे श्रेय पाचही जणांना आहे. ‘बी माय लव्हर’ हे एकट्या ब्रूसचे गीत, तर ‘ब्लॅक जूजू’ ही नऊ मिनिटांची दीर्घ रचना एकट्या डनअवेची. ‘स्कूल्स आउट’ ज्या स्वरावलीने क्षणात ओळखू येते, ती बक्स्टनच्या गिटारची देणगी आहे.

नावाचे स्थलांतर

फाशीचा दोर, विजेची खुर्ची, गिलोटिन अशा साधनांनी नटलेल्या रंगमंचीय प्रयोगांमुळे प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच मध्यभागी उभ्या असलेल्या गायकावर केंद्रित झाले. ‘मसल ऑफ लव्ह’ (१९७३) नंतर मूळ बँड विखुरला. फर्निअर यांनी ‘अ‍ॅलिस कूपर’ हे कायदेशीर नाव धारण केले आणि १९७५ मध्ये ‘वेलकम टू माय नाइटमेअर’ हा पहिला एकल अल्बम वेगळ्या वादकांसह काढला. ब्रूस, डनअवे आणि स्मिथ यांनी ‘बिलियन डॉलर बेबीज’ या नावाने बँड उभारून १९७७ मध्ये एक अल्बम काढला. पण त्याला यश लाभले नाही. ज्या नावासाठी त्यांनी अनेक वर्षे श्रम केले होते, ते नाव आता त्यांच्याजवळ नव्हते. त्यानंतरच्या श्रोत्यांच्या दृष्टीने ‘अ‍ॅलिस कूपर’ ही केवळ एक व्यक्ती होती.

या स्थलांतराकडे केवळ अन्याय म्हणून पाहणे मात्र एकांगी ठरेल. गायकाने पुढील अनेक दशके सातत्याने प्रयोग केले, म्हणूनच जुनी गीते लोकांच्या कानांत टिकून राहिली. ज्या कीर्तीने सहकाऱ्यांना झाकले, तिनेच त्यांचे कार्य जिवंतही ठेवले.

२०११ चा सन्मान

‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेच्या नियमानुसार पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पंचवीस वर्षांनी कलावंत निवडीस पात्र ठरतो. १९६९ चा पहिला अल्बम लक्षात घेता हा बँड १९९४ पासूनच पात्र होता. प्रत्यक्ष सन्मान मिळाला तो मार्च २०११ मध्ये. हा सन्मान एकट्या गायकाला न देता मूळ पाच सदस्यांच्या बँडला देण्यात आला, हे त्याचे खरे महत्त्व. येथे एका संस्थेने नावाचा मूळ अर्थ पुनःस्थापित केला.

तथापि हा विलंब निर्दोष नव्हता. ग्लेन बक्स्टन यांचे निधन १९९७ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी झाले होते. ज्याला मान्यतेची सर्वाधिक गरज होती, त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. मरणोत्तर सन्मान इतिहासाची नोंद दुरुस्त करतो, पण माणसाच्या वाट्याला आलेले विस्मरण त्याला दुरुस्त करता येत नाही.

२०२५ चा अल्बम

सन्मानचिन्हापेक्षा सहनिर्मिती ही अधिक सखोल मान्यता असते. २०११ आणि २०१७ मधील एकल अल्बमांवर मूळ सदस्य काही गीतांपुरते एकत्र आले होते. २०१७ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या दौऱ्यातही भाग घेतला. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’ हा मात्र १९७३ नंतरचा मूळ बँडचा पहिला पूर्ण अल्बम होय. निर्मिती पुन्हा एझ्रिन यांचीच आहे. बक्स्टन यांनी पूर्वी ध्वनिमुद्रित केलेल्या गिटारवादनाचा अंशही त्यात समाविष्ट आहे.

या अल्बममध्ये स्मरणरंजनाचा भाग निश्चितच आहे. मात्र डनअवेची बास गिटार केवळ ताल न धरता स्वतंत्र सुरावट विणते आणि स्मिथचे ड्रमवादन त्या सुरावटीला उत्तर देते, तेव्हा १९७१-७३ मधील नादविश्वाचे घडवणारे कोण होते, हे श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही. या अर्थाने हा अल्बम पुराव्याचे कार्य करतो.

‘मूळ सदस्य’ या संकल्पनेची मर्यादा

मान्यतेची रेषा आखली की तिच्या बाहेर कोणीतरी राहतेच. ‘बिलियन डॉलर बेबीज’ मधील गिटारवादनाचा काही भाग स्टीव्ह हंटर आणि डिक वॅग्नर या बाहेरून बोलावलेल्या वादकांनी वाजवला होता. निर्माते एझ्रिन यांचा रचनेच्या घडणीतील वाटाही बँडच्या सदस्याइतकाच मोलाचा होता. पाच जणांना न्याय देणारा ‘मूळ सदस्य’ हा निकष या साऱ्यांना सामावून घेत नाही. म्हणजेच एकाच नायकाच्या कथेऐवजी पाच नायकांची कथा मांडल्याने प्रश्न सौम्य होतो, संपत नाही.

समारोप

‘अ‍ॅलिस कूपर’ बँडचा इतिहास असे सुचवतो, की श्रेय हे कलाकृतीनंतर वाटले जाणारे बक्षीस नसून तिच्या आकलनाचाच भाग आहे. एकच नाव ऐकणारा श्रोता एकच आवाज ऐकतो. पाच नावे ठाऊक असलेला श्रोता त्याच ध्वनिमुद्रणात पाच जणांचा संवाद ऐकू शकतो. मूळ सदस्यांना उशिरा का होईना मिळालेली मान्यता म्हणूनच केवळ नैतिक समाधानाची बाब ठरत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे तेच संगीत आज अधिक नीट ऐकू येते, हे तिचे समीक्षात्मक फलित होय.