प्रतिरूप आणि वास्तू : नोत्र दामच्या निमित्ताने

पॅरिस येथील नोत्र दाम या कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. तीत मध्यावरील शिखरमनोरा कोसळला आणि छपराचा ओकच्या लाकडाचा मध्ययुगीन सांगाडा जळून गेला. डिसेंबर २०२४ मध्ये ही वास्तू पुन्हा खुली झाली. दरम्यानच्या काळात एक समजूत सर्वत्र रूढ झाली, ती अशी की, आगीपूर्वीच वास्तूचे अंकीय प्रतिरूप तयार असल्यामुळे ती जशीच्या तशी उभारता आली. ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. परंतु तिच्यात मोजमाप आणि ज्ञान यांची गल्लत झालेली आहे, आणि वास्तुविद्येच्या अभ्यासकास ती परवडणारी नाही.

या समजुतीच्या मुळाशी कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांचे कार्य आहे. २०१० मध्ये त्यांनी पन्नासाहून अधिक ठिकाणी लेझर यंत्र मांडून एक अब्जाहून अधिक बिंदूंची नोंद केली. या बिंदुमेघाची अचूकता वादातीत होय. पश्चिमेकडील दर्शनी भागातील राजमूर्तींची ओळ जवळजवळ एक फूट ओळंब्याबाहेर आहे, हे त्यावरून दिसून आले. मात्र जमीन खचू लागल्यामुळे तेथील काम काही काळ थांबविले गेले असावे, हा निष्कर्ष यंत्राचा नव्हे. गॉथिक बांधणीचा दीर्घ व्यासंग असलेल्या टॅलन यांचा आहे. आपण भिंतीचे की भेगेचे, हे बिंदूला ठाऊक नसते.

बिंदुमेघापासून प्रतिरूपाकडे जाताना अडचण अधिक गंभीर होते. लेझरचा किरण पृष्ठभागावरून परत फिरतो. चिऱ्याच्या पोटात काय आहे ते त्याला कळत नाही. प्रतिरूपात मात्र भिंत हा एक घटक म्हणून नोंदवावा लागतो, त्याला जाडी द्यावी लागते, गाभ्यातील द्रव्याविषयी काहीतरी लिहावे लागते. जे मोजले नाही ते तर्काने भरले जाते, आणि पडद्यावर मोजलेले व तर्कलेले एकाच रंगात दिसतात. आगीनंतर नोत्र दामचे दगडी काम उघडे पडले तेव्हा चिरे सांधणारे लोखंडी आकडे मोठ्या संख्येने आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतील सर्वांत जुने ११६० च्या दशकातील ठरतात. गॉथिक बांधकामात इतक्या आरंभीच्या काळी लोखंड एवढ्या विस्ताराने वापरले गेले, ही गोष्ट त्यापूर्वी ज्ञात नव्हती. भिंतीच्या आत दडलेल्या या आकड्यांची साक्ष त्या एक अब्ज बिंदूंपैकी एकानेही दिलेली नव्हती.

छपराच्या सांगाड्याचा वृत्तान्त याहून बोधप्रद आहे. रेमी फ्रोमों आणि सेड्रिक त्रांतसो या दोन वास्तुतज्ज्ञांनी पोटमाळ्यावर चढून, कैचीमागून कैची मोजून, २०१४ मध्ये त्याची आरेखने पूर्ण केली. त्याच वर्षी या सांगाड्याचे लेझरमापनही झाले होते, हे सांगणे न्यायाचे होईल. तथापि पुढे सुतारांनी ओकचे ओले ओंडके कुऱ्हाडीने तासून कैच्या घडविल्या, तेव्हा त्यांना या आरेखनांचा मोठा आधार लाभला. याचे कारण उघड आहे. रेघ ओढण्यापूर्वी आरेखकाला ठरवावे लागते की हा सांधा कोणत्या प्रकारचा, ही तुळई मूळची की मागाहून घातलेली. त्याचे प्रत्येक पान म्हणजे अशा निर्णयांची मालिका असते. यंत्र सर्व काही सारख्याच निष्ठेने टिपते, आणि म्हणूनच काहीही निवडत नाही.

ड्रोनविषयी तक्रारीला जागा थोडी आहे. आगीच्या रात्री अग्निशामक दलाला ज्वाळांची जागा वरून दाखविण्याचे काम त्यांनी केले. नंतर, जेथे माणसाने पाऊल ठेवणे धोक्याचे होते, तेथील राडारोड्याची छायाचित्रे त्यांच्यामुळे मिळाली. ही सेवा लहान नव्हे. ती दृष्टीची सेवा आहे, एवढेच. दगड पोकळ वाजतो की भरीव, हे ठोकून पाहणारा गवंडीच सांगू शकतो.

फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातील लिव्हिओ दे लुका यांच्या गटाने आगीनंतर जे अंकीय प्रतिरूप रचले, त्यात ही उणीव ओळखलेली दिसते. लाकूड, दगड, धातू इत्यादींच्या अभ्यासकांची निरीक्षणे तेथे वास्तूच्या त्या त्या जागेशी जोडलेली आहेत. त्यामुळे वाचकाला मोजमापाबरोबर त्याचा अर्थ लावणाराही भेटतो. नित्याच्या व्यवहारात ठेकेदाराच्या हाती पडणाऱ्या प्रतिरूपाची गोष्ट निराळी आहे. तेथे भिंतीची जाडी मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असते. ती भोक पाडून मोजली की शेजारच्या भिंतीवरून धरून चालली, हे लिहिण्यासाठी बहुधा रकानाच नसतो.