अधिकरणिक, रामशास्त्री आणि काशीकर

न्याय म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञाने विचारला तर त्याचे उत्तर व्याख्येत शोधता येते. नाटककाराने विचारला तर ते न्यायासनावर बसलेल्या माणसात शोधावे लागते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस सांगतो की, बलिष्ठाच्या हिताचे जे असेल तेच न्याय्य. या एका उद्धट विधानाच्या निराकरणासाठी सॉक्रेटिसला एक संपूर्ण नगरी कल्पावी लागते, तिच्या शिरोभागी तत्त्वज्ञ राजा बसवावा लागतो आणि जाता जाता कवींना वेशीबाहेरची वाट दाखवावी लागते. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या नागरिकांनीच भरलेल्या न्यायसभेने आपल्या गुरूला देहदंड दिलेला ज्याने पाहिला, त्या लेखकाला बहुजनांच्या न्यायबुद्धीचा भरवसा वाटू नये हे समजण्याजोगे आहे. कवींवरचा त्याचा रोष मात्र तितका सहज समजत नाही. समाजाला न्यायाकडे कोणी न्यावे याविषयी निदान आपल्याकडच्या नाटकांनी जे सांगितले आहे, ते तत्त्वज्ञ राजाच्या कल्पनेहून पुष्कळच सावध आहे.

मराठी मनाने या प्रश्नाचे उत्तर एका नावात साठवून ठेवले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, चुलता रघुनाथराव यात दोषी आहे असे ठरविले, देहान्त प्रायश्चित्त हेच त्याला योग्य असे त्याच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. मराठी भाषेत नि:स्पृह न्यायाधीशाला 'रामशास्त्री' म्हणण्याचा प्रघात पडला तो यातून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'भाऊबंदकी'त (१९०९) हा प्रसंग रंगभूमीवर आणला, आणि १९४४ च्या प्रभातच्या चित्रपटात गजानन जागीरदारांनी शास्त्रीबोवांना जो चेहरा दिला तो एका पिढीच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

'भाऊबंदकी'चे यश समजून घ्यायचे तर त्याचे साल विसरून चालणार नाही. जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा सांगणारे न्यायमूर्ती दावर यांनीच, वकील असताना, १८९७ च्या खटल्यात टिळकांचा जामीन मिळवून दिला होता! खाडिलकर हे 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. सत्ताधीशाला त्याचा अपराध ऐकविणारा न्यायाधीश जेव्हा त्यांनी उभा केला, तेव्हा समोरचा प्रेक्षक त्या पात्राकडे केवळ पेशवाईतील पात्र म्हणून पाहत असेल असे मानणे कठीण आहे. राज्यकर्ता आणि न्यायाधीश ही एकाच यंत्राची दोन चाके नसतात, निदान नसावीत, हे त्याला ऐकावयाचे होते. खाडिलकरांच्या संवादांना जो ताण आहे, तो या ऐकण्याच्या भुकेतून आलेला आहे.

पण त्याच कारणाने या प्रतिमेला एक मर्यादा पडली. तिच्यात न्याय म्हणजे एका निर्भय पुरुषाची वाणी. साक्षी-पुरावा, उलटतपासणी, संशयाचा फायदा यांचा तेथे संबंध नाही. शिवाय स्मृतीने कथा जेथे थांबविली तेथे इतिहास थांबलेला नाही. बारभाईंनी राघोबाला दूर सारल्यावर रामशास्त्री परत आले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायाधीशाचे काम पाहत राहिले. त्या दीर्घ काळात त्यांच्यापुढे वतनांचे, वाटण्यांचे, कर्जाचे, दत्तकाचे नित्याचे तंटे आले असतील. ज्याने पुणे सोडले त्या रामशास्त्र्यावर आपण नाटक लिहिले. जो परतला आणि दप्तरात मान घालून बसला त्याच्यावर लिहिले नाही. वास्तविक न्यायाचा अवघड भाग तो दुसरा आहे. धिक्कारून निघून जाण्यासाठी धैर्य लागते, हे खरे. परंतु निघून गेलेल्या माणसामागे दारात उभ्या असलेल्या फिर्यादीचे काय होते, हा प्रश्न आपल्या नाट्यवाङ्मयाला फारसा सुचलेला दिसत नाही.

तो प्रश्न सुचला शूद्रकाला. 'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकातील न्यायसभा ही माझ्या मते भारतीय नाट्यातील न्यायाविषयीची सर्वांत प्रौढ मीमांसा आहे. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे हे नाटक मराठीत घरोघर पोचले, पण तेथे पदांच्या गोडीपुढे हा अंक मागे पडला. यातील अधिकरणिक दुष्ट नाही. न्यायाधीशाच्या अंगी कोणते गुण हवेत हे तो प्रारंभीच स्वत:ला बजावतो, आणि ते बजावणे ढोंग नसते. राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन आला असता तो त्याला प्रथम परतवतो. शकार राजाकडे जाऊन नवा न्यायाधीश नेमवून घेण्याची धमकी देतो, आणि अधिकरणिक त्याची फिर्याद ऐकावयास तयार होतो. तेवढ्या एका माघारीत सगळे संपलेले असते. पुढे जे घडते ते नियमाला धरूनच घडते. वसंतसेनेची वृद्ध माता साक्ष देते. वीरक येऊन जे पाहिले ते सांगतो. मैत्रेयाच्या काखेतून नेमक्या वेळी दागिने गळून पडतात. प्रत्येक पुरावा खरा आहे आणि त्यांची बेरीज खोटी आहे. चारुदत्त निर्दोष आहे असे अधिकरणिकाला आतून वाटते, तरी समोरच्या कागदाला त्याच्या वाटण्याचा उपयोग नाही.

यानंतरचा पेच तर अधिकच खोल आहे. मनूच्या वचनानुसार ब्राह्मणाला देहदंड देता येत नाही, म्हणून त्याला त्याच्या धनासह देशाबाहेर घालवावे, अशी शिफारस अधिकरणिक पालक राजाकडे पाठवितो. राजा ती फेटाळतो. वसंतसेनेचे तेच दागिने गळ्यात बांधून, दवंडी पिटीत, चारुदत्ताला सुळावर नेण्याची आज्ञा देतो. आजच्या वाचकाने येथे कोणाच्या बाजूने उभे राहावे? न्यायाधीशाची दया जन्माने मिळालेल्या सवलतीवर आधारलेली आहे. ती सवलत चारुदत्ताच्या जागी एखादा शूद्र असता तर मिळाली नसती. राजाचा हुकूम वर्णाचा भेद पुसतो, पण तो पुसणाऱ्या हाताला समतेशी काही कर्तव्य नाही. अन्यायी शास्त्रातून आलेली करुणा आणि जुलमातून आलेली समानता यांच्यामध्ये शूद्रक आपल्याला सोडून देतो. कित्येक टीकाकार नवव्या अंकाची तारीफ त्यातील 'वास्तव' चित्रणासाठी करतात. हे म्हणजे विहिरीची तारीफ तिच्या कठड्यासाठी करण्यासारखे झाले.

दहाव्या अंकात सत्य ठाऊक असलेला एक मनुष्य आहे: शकाराचा दास स्थावरक. धन्याने त्याला साखळदंडाने बांधून वर कोंडलेले असते. तो तेथून ओरडतो, उडी टाकतो, खरे काय घडले ते सर्वांना सांगतो. शकार म्हणतो, याने सोने चोरले म्हणून मी याला मारले, त्याचा राग तो काढीत आहे. आणि एवढ्यावर दासाची साक्ष निकालात निघते. दास्याची अवस्थाच अशी की तिच्यातून निघालेले सत्य कोणाला पटत नाही, ही व्यथा स्थावरकाच्याच मुखी येते. न्यायसभेत कोण बसले आहे, यापेक्षा कोणाचे बोलणे तेथे बोलणे म्हणून गणले जाते, हा प्रश्न येथे उघडा पडतो.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, त्यावर एव्हाना पुष्कळ लिहून झाले आहे. त्याला रामशास्त्र्याच्या वंशात बसवून पाहिले, तर त्यातील काशीकर हा केवळ संकुचित मध्यमवर्गीय राहत नाही. हौशी मंडळीने करमणुकीसाठी मांडलेल्या खोट्या खटल्यात तो न्यायाधीश होतो, आणि मध्येच आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. शूद्रकाच्या न्यायसभेत जी मर्यादा एका धमकीने वाकते, ती येथे हसतखेळत मोडली जाते. गावचा सामंत कादंबरीतले वाचून साक्ष देतो आणि ती ग्राह्य ठरते, प्रा. दामले, ज्याच्याविना हा खटलाच उभा राहत नाही, तो गैरहजर राहून निर्धास्त असतो. बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा, आणि निकाल असा की तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्यात यावा! तिचे दीर्घ भाषण सुरू होते तेव्हा बाकीचे सारे निश्चल झालेले असतात. ते भाषण अतिभावुक आहे असा आक्षेप घेतला जातो, आणि काही वाक्यांपुरता तो मान्य करावा लागेल. पण ते कोणीही ऐकत नाही, ही रचना आक्षेपकांच्या नजरेतून निसटते. स्थावरकाचे निदान ऐकून खोटे ठरविले गेले. बेणारेचे ऐकलेच जात नाही.

खाडिलकरांचा आरोपी सत्ताधीश आहे, म्हणून त्यांच्या न्यायाधीशाला वर पाहून बोलावे लागते आणि त्याची उंची वाढते. शूद्रक व तेंडुलकर यांचे न्यायाधीश खाली पाहतात. नित्याच्या जीवनात न्यायासन खालीच पाहत असते, आणि म्हणून आदर्शाच्या शोधात असलेल्या समाजाने 'भाऊबंदकी' जवळ केली हे जितके समजते, तितकेच तिने आपल्याला अर्धेच शिकविले हेही म्हणावे लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी मांडला व मुंबईच्या कायदेमंडळाने तो १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही. तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्यासमवेतच्या हजारोंना तेथे चालत जावे लागले, आणि त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकालास लागण्यास १९३७ साल उजाडले. ठराव करणारे सज्जन होते, निकाल देणारे कायद्याचे जाणते होते. पण ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता त्यांनी पाऊल उचलल्यावाचून दोघांचेही काम पुढे सरकले नाही. त्यांना कोणी तत्त्वज्ञ राजा तळ्यापर्यंत घेऊन गेला नव्हता.

'मृच्छकटिका'च्या शेवटी आर्यक राज्यावर येतो, तेव्हा स्थावरक दास्यातून मुक्त होतो आणि ज्या दोन चांडाळांवर वधाचे काम सोपविलेले असते ते सर्व चांडाळांचे प्रमुख होतात. हे दोघे वाटेत वध लांबवीत होते. पाळी कोणाची यावर त्यांनी वाद घातला होता. एकाला मरणाऱ्या बापाने सांगून ठेवलेले असते की, पाळी आली तरी मारण्याची घाई करू नकोस. कोणी सज्जन पैसे देऊन सोडवील, राजाला पुत्र होईल, हत्ती सुटेल, नाही तर राजाच बदलेल. सबंध नाटकात चारुदत्ताला प्रत्यक्ष वेळ मिळवून देणारे तेवढेच. अधिकरणिक नवव्या अंकात जो आत जातो, तो नंतर रंगभूमीवर येत नाही.