ध्वनी, दृश्य आणि मराठी वाक्य : सादरीकरणाच्या ऑनलाइन रूपांतराची एक चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करण्याची मुभा दिली. त्यामुळे वर्गासाठी केलेली पॉवरपॉइंट सादरीकरणे आवाज जोडून ऑनलाइन अभ्यासक्रमात रूपांतरित करणे, हा अध्यापकाच्या कामाचाच भाग होऊ लागला आहे. या रूपांतरात ध्वनी व अॅनिमेशन यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सहसा तांत्रिक समजला जातो. तो मूलतः भाषेचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्गातील क्लिक आणि मुद्रित क्लिक :
वर्गात पुढचा मुद्दा पडद्यावर केव्हा आणायचा, हे अध्यापक विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून ठरवितो. मुद्रणात तो क्षण कायमचा गोठतो. मेयर व अँडरसन यांनी १९९१ व १९९२ मध्ये सायकलच्या पंपाचे अॅनिमेशन वापरून केलेल्या प्रयोगांत, निवेदन व चित्र एकाच वेळी मिळालेल्या विद्यार्थ्यांनी ती एकामागून एक मिळालेल्यांपेक्षा समस्या अधिक चांगल्या सोडविल्या. म्हणजे मेळ चुकला तर केवळ देखणेपणा नव्हे, आकलन उणावते. पॉवरपॉइंटमध्ये २०१० पासून ध्वनीवर खूण करून त्या खुणेवर अॅनिमेशन सुरू करता येते. साधन आहे, परंतु खूण कोठे करावी, हे साधन सांगत नाही.

पवईचे उदाहरण :
या संदर्भात पवई येथील आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प अभ्यसनीय आहे. सुमारे दहा मिनिटांच्या या पाठांत संहिता आधी लिहिली जाते व दृश्य आणि निवेदन शेजारीशेजारी मांडले जाते. विद्यार्थी पाठ थांबवून ती कृती स्वतः करून पाहतो. वर्गात हरवलेला विराम येथे त्याच्याच हाती येतो. हे या पद्धतीचे मोठे यश होय. मात्र मराठी पाठात मूळ चित्रण तेच राहते, बदलतो तो केवळ आवाज. संगणकीय आज्ञांच्या बाबतीत हे फारसे खटकत नाही. 'फाइल मेनूतील सेव्ह या पर्यायावर क्लिक करा' या वाक्यात मेनू, पर्याय आणि क्लिक हा क्रम हाताच्या हालचालीचाच आहे. येथे मराठी वाक्यरचना दृश्याला अनुकूल ठरते.

वाक्यक्रमाची अडचण :
हीच रीत वैचारिक विषयांना लावली की अडचण सुरू होते. समजा, उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, हे शिकवायचे आहे. इंग्रजी वाक्यात बहुधा परिणाम आधी व कारण नंतर येते. त्यानुसार प्रथम उकळणारे पाणी व नंतर दाबाचा बाण दिसतो. मराठीत आपण सहज म्हणतो, 'वातावरणाचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते'. कानावर दाब पडतो, तेव्हा डोळ्यांपुढे पाणी असते. 'कारण' हे अव्यय वापरून मूळ क्रम राखता येईल, आणि ते अशुद्धही नाही. परंतु प्रत्येक वाक्य अॅनिमेशनच्या सोयीने लिहिले जाऊ लागले, तर मराठी ही ज्ञानाची भाषा न राहता दृश्याखालील पट्टी होऊन बसते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे यात दुहेरी नुकसान आहे.

निष्कर्ष :
१. इंग्रजी स्लाइडवर मराठी आवाज बसविण्याऐवजी निवेदनाची मराठी संहिता प्रथम लिहावी, मुद्रित करावी आणि अॅनिमेशनचा क्रम तिच्यावरून ठरवावा.
२. प्रत्येक स्लाइडचा ध्वनी स्वतंत्र ठेवावा, म्हणजे दुरुस्ती तेवढ्यापुरतीच करता येते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड बदलत असतानाचा आवाज मुद्रित होत नाही. म्हणून तेथे बोलू नये.
३. ज्या अॅनिमेशनला निवेदनात शब्द नाही, ते काढून टाकावे.

यासाठी वेळ अधिक लागेल, हे मान्य केले पाहिजे. तथापि भाषांतरित पाठ आणि मराठीत घडविलेला पाठ यांतील अंतर या वेळेतच सामावलेले आहे. महाविद्यालयांनी तो अध्यापनकार्याचा भाग म्हणून मोजल्याशिवाय हे अंतर कमी होणार नाही.