दांडा पुढे की मागे? एका गाजलेल्या प्रकरणाचे फेरवाचन

राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. अपघाताचा सगळा दोष चालकाच्या माथी मारला जातो, पण पुष्कळ धोके मोटारीच्या रचनेतच असतात, हे त्याचे प्रतिपादन. १९६६ साली अमेरिकेत मोटार-सुरक्षेचा कायदा झाला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. पुस्तकाची प्रकरणे आठ; पण लोकांच्या लक्षात राहिले ते पहिलेच, शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर या ‘स्पोर्टी’ गाडीवरचे. विज्ञानशिक्षकांनी ते जरूर वाचावे, मात्र सावधपणे वाचावे, असे आम्हांला वाटते.

कॉर्व्हेअरचे एंजिन मागे होते. त्यामुळे निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या चाकांवर पडे. ही चाके आतल्या टोकाशी झुलणाऱ्या आसांवर बसवलेली होती; जोरदार वळणात बाहेरचे चाक गाडीखाली दुमडण्याची शक्यता असे. १९६० ते १९६३ या मॉडेलांत पुढच्या चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार नेहमीच्या गाडीला दिलेला नव्हता. १९६४ पासून तो सर्व गाड्यांना आला. एवढा साधा पोलादी दांडा आधीच का बसवला नाही, हा नेडर यांचा सवाल रास्त आहे.

पण त्यातून वाचकाची अशी समजूत होऊ शकते की बार म्हणजे सुरक्षितता, आणि तो नसणे म्हणजे धोका. हे खरे नाही. बार कुठे आहे यावर सारे अवलंबून असते.

हा दांडा डाव्या व उजव्या चाकांच्या स्प्रिंगव्यवस्थेला जोडतो. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर तो नुसता फिरतो. एक वर आणि दुसरे खाली गेले, की त्याला पीळ बसतो आणि तो गाडीच्या झुकण्याला विरोध करतो. गाडी कमी झुकते, म्हणून भारही कमी सरकत असेल, असे विद्यार्थी हमखास म्हणतील. प्रत्यक्षात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकतो, हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणातील त्वरण यांवरून ठरते. बार त्यात फारसा फरक करत नाही. त्या भाराची पुढच्या आणि मागच्या जोडीत वाटणी कशी व्हावी, हे मात्र तो ठरवतो. ज्या जोडीला बार, तिच्या वाट्याला मोठा हिस्सा.

याने काय बिघडते? पाठ्यपुस्तकात घर्षण भाराच्या समप्रमाणात असते. टायरचे तसे नाही. भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही. समजा, ४०० किलोग्रॅम भाराला एक टायर ३८० किलोग्रॅमची पकड देतो. दोन टायर मिळून ७६० झाले. भार सरकून एकावर २०० आणि दुसऱ्यावर ६०० झाला, तर पकड अनुक्रमे २०० आणि ५२०, म्हणजे ७२० उरेल. (आकडे समजुतीपुरते आहेत.) बार लावलेल्या जोडीची एकूण पकड अशी कमी होते.

म्हणून पुढचा बार पुढच्या चाकांची पकड थोडी कमी करतो. वळणात मागचा भाग बाहेर फेकला जाऊन गाडी गरकन फिरण्याऐवजी तिचे नाक थोडे बाहेर जाते, आणि सामान्य चालकाला ते सावरणे सोपे असते. कॉर्व्हेअरला फक्त मागे बार लावला असता, तर तिची खोड वाढलीच असती. उलट, काही हौशी चालक आपल्या स्पोर्ट्‌स कारचा मागचा बार मुद्दाम काढून टाकतात. गाडी जास्त झुकते, स्टिअरिंगला सावकाश प्रतिसाद देते, पण मागच्या चाकांची पकड वाढते. दांडा काढल्याने गाडी फिरण्याचा धोका कमी होतो, हे ऐकून वर्ग नक्कीच चक्रावेल.

नेडर यांचे लेखन वकिलाचे आहे. भर खटल्यांवर, अपघातांच्या हकिगतींवर आणि साक्षींवर आहे. समान परिस्थितीत अनेक गाड्यांची मोजमापे घेऊन केलेली तुलना त्यात नाही. तशी तुलना सरकारी सुरक्षा-यंत्रणेने पुढे केली. १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या तिच्यासारख्या गाड्यांपेक्षा वाईट नाही, असा निष्कर्ष १९७२ साली निघाला.

म्हणून नेडर खोटे ठरले का? आमच्या मते नाही. इतरांइतकी बरी असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. शिवाय, बारऐवजी कंपनीने टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली होती: पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. पुढची पकड कमी ठेवण्याचा तोही एक मार्गच. पण चारही चाकांत सारखी हवा भरली की तो उपाय संपला, आणि हे गाडीच्या मालकाला कोण समजावून सांगणार? जी सुरक्षितता मालकाच्या नकळत हवा भरताना नाहीशी होते, तिच्यावर रचनाकाराने विसंबू नये. नेडर यांचा हा मुद्दा १९७२ च्या अहवालानंतरही शाबूत राहतो.

वरच्या वर्गांत हे प्रकरण आणि तो निष्कर्ष शेजारी ठेवून चर्चा घडवावी. एक ‘धोकादायक’ म्हणतो, दुसरा ‘इतरांइतकीच’ म्हणतो. दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत का, हे विद्यार्थ्यांनी आधी तपासावे.