भिंतीवरचा इतिहास आणि भिंतीमागचा माणूस

ग्रंथातला इतिहास वाचणाऱ्यापुरता असतो, भिंतीवरचा इतिहास साऱ्या गावाचा होतो, असे म्हटले जाते. पण भिंत कोणाची आणि गाव कोणाचे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या किनाऱ्यावरचे शमेनस हे छोटे गाव त्यासाठी तपासण्यासारखे आहे.

१८६२ पासून हे गाव लाकूडगिरणीवर जगले. १९८३ साली जुनी गिरणी बंद पडली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच गावच्या भिंतींवर गावचा इतिहास रंगू लागला होता. आज तेथे चाळीसहून अधिक चित्रे आहेत आणि ती पाहायला लोक दुरून येतात. म्हणजे ही कला पोटासाठी जन्मली. तो दोष नव्हे. पण पाहुण्याला दाखवायचा इतिहास माणूस आधी झाडून-पुसून घेतो.

गिरणीचे लाकूड जहाजांवर चढवणारी चिनी मजुरांची टोळी येथे चित्रात आहे. ओझे दिसते, पिळदार अंग दिसते. पण श्रमाचे चित्र म्हणजे श्रमिकाचा इतिहास नव्हे. १९०३ पासून बहुतेक चिनी माणसांना त्या देशात पाऊल ठेवण्यासाठी पाचशे डॉलर डोईपट्टी भरावी लागत होती. १९२३ मध्ये तर दारच बंद झाले. हे ओझे रंगात कसे उतरवायचे?

'एकाकी बालवीर' या चित्राने मला अधिक अस्वस्थ केले. एडवर्ड शिगे योशिदा याला जपानी म्हणून गावच्या बालवीर पथकाने नाकारले. त्याने टपालाने शिक्षण घेतले आणि जपानी मुलांचे स्वतःचे पथक उभारले. आपल्याला एकलव्य आठवतो. येथे अंगठा १९४२ मध्ये मागितला गेला. त्या वर्षी किनाऱ्यावरचे सुमारे बावीस हजार जपानी वंशाचे लोक हुसकले गेले, त्यांची घरे, होड्या विकल्या गेल्या, आणि १९४९ पर्यंत त्यांना परतण्याची मुभा नव्हती. दीर्घ लढ्यानंतर १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली. योशिदा भिंतीवर आला १९९१ मध्ये, स्टॅन्ली तानिवा यांच्या कुंचल्यातून. चित्राचे नाव त्याला 'एकाकी' म्हणते. एकाकी कोणी केले, ते नाव सांगत नाही.

तरीही मी हे चित्र नाकारणार नाही. ज्यांना गावाने हाकलले, त्यांचा चेहरा त्याच गावच्या चव्हाट्यावर उभा राहणे ही साधी गोष्ट नाही. मात्र चेहरा मिळाला म्हणजे न्याय मिळाला, अशी समजूत प्रेक्षकाची होऊ नये.

आपल्या मुंबईतही गिरण्या गेल्या. उद्या कोणी त्यांचा इतिहास समुद्राकाठच्या भिंतीवर रंगवील. त्यात भोंगा असेल, मोर्चा असेल, मुठी असतील. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. सर्वांत जास्त पगाराचे ते खाते. त्या खात्याचा बंद दरवाजा त्या भिंतीवर असेल काय? नसेल, तर ते चित्र कितीही देखणे असो, ते अर्ध्याच गिरणीचे असेल.